पिंपातलं डिझेल

मंडळी, भुईगावहून लिहितोय. आज सकाळी आमची जुनी पिकअप शेजाऱ्यांची फुलं घेऊन निघाली आणि गावाबाहेर पडायच्या आतच आचके देत बंद पडली. पुन्हा!

नोझल साफ करून झाले, फिल्टर बदलून झाला. वैताग आला होता नुसता. आज गाडी ढकलत घरी आणली आणि मेकॅनिकने फिल्टरमधलं डिझेल काचेच्या बाटलीत काढलं. थोड्या वेळाने तळाशी पाणी दिसलं.

"काका, डिझेल कुठून भरता?" त्याने बाबांना विचारलं.

मी पडवीतलं पिंप दाखवलं. ते वाडीतल्या विहिरीवरच्या डिझेल पंपासाठीचं. विहीर खारट झाली, केळी गेल्या, पंप बंद पडला. तरी विहीर सुधारेल म्हणून बाबा पिंप भरलेलंच ठेवायचे. जुनं डिझेल गाडीत घालायचे, पिंपात पुन्हा नवं ओतायचे. त्यात पावसाचं पाणी कधी शिरलं, कळलंच नाही.

संध्याकाळी बाबांनी पिंप रिकामं केलं, घासून धुतलं आणि अंगणात उपडं घातलं.

टाकी साफ केल्यावर गाडी आता सुरळीत चालतेय.

तुमच्यापैकी कुणाची विहीर अजून गोडी आहे का? असेल तरच लिहा. बाबांना वाचून दाखवायचंय.