दार असलेली खोली

तिच्या कामाला शांतता लागायची, आणि मापसाहेब निवृत्त झाल्यापासून घरात तेवढी एकच गोष्ट मिळत नव्हती.

ती वॉशिंग मशीनच्या एका कंपनीत फोनवर तक्रारी ऐकायची. एकवीस वर्षं ऐकत होती. मशीन पाणी सोडत नाही, मशीन चालता चालता बाथरूमभर फिरतं, मशीनने दोनातला एकच मोजा परत दिला. लोक ओरडायचे, ती ओरडू द्यायची, आणि मग ‘प्लग नीट बसलाय का’ हे अशा सुरात विचारायची की समोरच्याला आपली अक्कल काढल्यासारखं वाटू नये. ही कला आहे, आणि कुठल्याही कॉलेजात ती शिकवत नाहीत. पुढे कंपनीने ऑफिसची जागा सोडली आणि सगळ्यांच्या हाती लॅपटॉप नि हेडफोन देऊन घरची वाट दाखवली. एक फॉर्म भरून घेतला. कामासाठी वेगळी खोली आहे का? खोलीला बंद होणारं दार आहे का? तिने दोन्हीपुढे ‘हो’ लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. झोपायची खोली होती, तिला दार होतं, दाराला कडीसुद्धा होती. घरात नवरा आहे का, असं फॉर्ममध्ये कुणी विचारलं नव्हतं.

नवरा म्हणजे मापसाहेब. हे नाव बिल्डिंगने ठेवलेलं. चौतीस वर्षं ते वजनमापं खात्यात निरीक्षक होते, दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडायचे. माणूस सज्जन. कुणाच्या चहाचा मिंधा नाही. पण निवृत्तीबरोबर तराजू गेले आणि तपासणी तेवढी मागे राहिली. ती गिऱ्हाइकाला म्हणायची, “एक मिनिट थांबा हं,” आणि मापसाहेब मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पलंगाच्या कडेवर बसायचे. थोड्या वेळाने मागून आवाज यायचा, सव्वातीन मिनिटं झाली. गिऱ्हाईकही ऐकायचं. दार लावून घेतलं तर दार उघडून विचारायचे, दार का लावलंय? कडी घातली तर बाहेरून विचारायचे, बरं वाटत नाहीये का?

एकदा ती बाथरूमला गेली, आणि परत येऊन बघते तर हेडफोन मापसाहेबांच्या डोक्यावर. ते एका बाईंना शांतपणे सांगत होते की मशीनवर सात किलो लिहिलेलं असलं तरी त्यात साडेपाचच्या वर कपडे धड धुतले जात नाहीत, मी घरी स्वतः वजन करून पाहिलंय. बाईंनी मशीन परत केलं, वर सविस्तर पत्रही लिहिलं. कंपनीने हिला लेखी समज दिली, की पुन्हा असं झालं तर फोनवरून काढून टाइपिंगला बसवू. टाइपिंग म्हणजे दिवसभर नुसती उत्तरं बडवायची, माणसाचा आवाज कानावर पडायचा नाही. तिची सगळी हुशारी गळ्यात आणि कानात. बोटांत काही नव्हतं. पाच वर्षांनी निवृत्ती, आणि ही पाच वर्षं तिला स्वतःचं काम करून काढायची होती. मुक्या माणसाचं नव्हे.

म्हणून तिने मापसाहेबांना सांगितलं, कंपनीने जवळच एक छोटं ऑफिस घेतलंय, उद्यापासून जायचंय. ते म्हणाले, चल, बघून येऊ. ती म्हणाली, बाहेरच्या माणसाला प्रवेश नाही. नियम म्हटल्यावर मापसाहेब गप्प बसले. आयुष्यभर नियमाचंच खाल्लं होतं त्यांनी.

ते ऑफिस म्हणजे दोन रस्ते पलीकडचं कॉफीचं दुकान. सहा टेबलं, दोन प्लग, त्यातला एक चालू. कॉफीवाला तिशीतला, बडबड्या, मनाने मोकळा आणि कामाने अघळपघळ. कोपऱ्यातलं भिंतीकडचं टेबल तिने धरलं. दर दोन तासांनी एक कॉफी घ्यायची म्हणजे बसायला तोंड राहतं, हा तिचा स्वतःवरच बसवून घेतलेला कर. त्या कॉफीने तिचं पित्त खवळलं, झोप उडाली, पण नोकरी टिकली.

शांतता तिथेही नव्हतीच. बिया दळायचं यंत्र सुरू झालं की ती हेडफोनचा माइक मुठीत धरायची. शेजारच्या टेबलावर कुणीतरी रोज आपल्या धंद्यातल्या थापा जगाला ऐकू जातील अशा मारायचं. वायफायचा पासवर्ड कॉफीवाला सोमवारी बदलायचा आणि मंगळवारपर्यंत विसरायचा. वर ती दिवसभर बसलेली, म्हणजे रिकामीच असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. ताई, बॅगेकडे बघाल का. ताई, कुरियर आलं तर सही कराल का. ताई, माझ्या आईचं मशीन गुरगुरतंय, जरा बोलता का. तिला तिथे ‘तक्रारताई’ म्हणत. पण एक होतं. तो गोंगाट परका होता, तो तिच्या चुका काढत नव्हता. बसून बसून कंबर धरली तेव्हा तिने घरून एक गादी शिवून आणली आणि खुर्चीवर घातली. असे नऊ महिने.

मग कंपनीचं पत्र आलं. घरून काम करणाऱ्या सगळ्यांच्या खोल्यांची व्हिडिओवरून पाहणी होणार. गुरुवारी, अकरा वाजता. खोली, दार आणि टेबल दाखवावं. ज्यांच्याकडे अशी जागा नसेल, त्यांना फोनच्या कामावरून हलवण्यात येईल.

खोली होती तशीच होती. प्रश्न फक्त मापसाहेबांना तासभर घराबाहेर काढण्याचा होता, आणि तो प्रश्न सोपा नव्हता. तिने बँकेचं काम काढलं. त्यांनी फोनवर तिथल्या तिथे ते उरकलं आणि बँकेच्या माणसाची एक चूकही दाखवून दिली. तिने डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव काढलं. नंबर बदललेला नाही, मागच्याच महिन्यात बघून आलोय. नणंदेला फोन करून म्हणाली, भावाला गुरुवारी जेवायला बोलवा की. नणंद म्हणाली, वहिनी, मागच्या वेळी त्याने माझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे मापून ठेवले, अजून मला काही सापडत नाही. तू सांभाळलास तेवढा सांभाळ बाई.

बुधवारी ती दुकानात कपाळ धरून बसली. कॉफीवाल्याला सगळं ठाऊक होतं. नऊ महिने तिचे फोन तो फुकटात ऐकत होता. तो म्हणाला, त्यांना इकडेच पाठवा की. माझा काटा तपासायला. बियांची पाकिटं मी त्यावरच मोजतो, बिघडलाय की काय कोण जाणे.

कल्पना बिनडोक होती, पण दुसरी नव्हती. तिने घरी जाऊन सहज सांगितलं, की आमच्या ऑफिसात कॉफी देणाऱ्या, दोन रस्ते पलीकडच्या दुकानदाराच्या काट्याबद्दल लोक कुरकुरतात. मापसाहेब पाच वर्षांत प्रथमच जेवताना ताठ बसले. गुरुवारी साडेदहाला ते इस्त्रीच्या शर्टात, काखेत वजनांची लाकडी पेटी घेऊन निघाले. ती त्याआधीच नेहमीसारखी डबा घेऊन बाहेर पडली होती आणि वरच्या मजल्याच्या जिन्यात उभी राहून त्यांच्या पावलांची वाट बघत होती. छप्पन्न वर्षांची बाई, स्वतःच्याच घरात चोरासारखी शिरायला टपलेली. स्वतःची तिला इतकी चीड आली की कुलूप उघडताना किल्ली दोनदा खाली पडली.

अकराला पडद्यावर पाहणीवाली मुलगी आली. वय मुलीसारखं, बोलणं थेट सरकारी. टेबल दाखवा. खिडकी दाखवा. मागे पंख्याचा आवाज आहे का? इथपर्यंत ठीक झालं.

तिकडे दुकानात मात्र व्हायचं ते होऊन गेलं होतं. कॉफीवाल्याने सगळ्यांना दम भरला होता, ताईंचं नाव काढायचं नाही. भिंतीवरची ‘तक्रारताईंची जागा’ ही चिठ्ठीसुद्धा काढली होती. गादी राहिली. मापसाहेब काटा तपासायला सोयीचं म्हणून नेमके त्याच टेबलाशी गेले, आणि खुर्चीवर त्यांना आपली राखाडी पँट दिसली. चौतीस वर्षांच्या नोकरीतली शेवटची सहा वर्षं ज्या पँटवर काढली ती. तिचीच गादी झालेली, खिशाची शिवण तशीच ठेवून. त्यांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली, आणि ही इथे कुणाची म्हणून विचारलं. कॉफीवाल्याला चटकन खोटं सुचलं नाही. बडबड्या माणसांचं असंच असतं. त्याने सगळंच सांगून टाकलं.

हे तिला काहीच माहीत नव्हतं. पाहणीवाली म्हणाली, आता दार उघडून, लावून दाखवा. तिने लॅपटॉप हातावर तोलला, कडी काढली, दार उघडलं.

दारात मापसाहेब उभे. एका काखेत पेटी, दुसऱ्या काखेत गादी.

 तिला वाटलं, झालं. एकवीस वर्षं या दारात संपली. आता हे घड्याळ बघणार.

“हे कोण?” मुलीने विचारलं. “दिवसभर घरी असतात का?”

मापसाहेबांनी पडद्याकडे पाहिलं. आपल्यासमोर तपासणी चालली आहे, हे त्यांना सांगावं लागलं नाही. वर्षानुवर्षं त्यांनी दुकानदारांना असेच प्रश्न विचारले होते आणि त्यांची चुळबुळ पाहिली होती. ते स्वतः मुळीच चुळबुळले नाहीत.

“मी यांचा नवरा,” ते म्हणाले. “मी दिवसा घरी नसतो. साडेनऊला जातो, साडेपाचला येतो. लिहून घ्या.”

मुलीने लिहून घेतलं. त्यांनी हात पुढे करून दार ओढून घेतलं, बाहेरून, हलक्या हाताने. खोली मंजूर झाली.

ती बाहेर आली तेव्हा ते जेवणाच्या टेबलाशी पेटी समोर ठेवून बसले होते. ती भांडायच्याच तयारीने आली होती. चूक आपली असली की माणसाला भांडायला जास्त बळ येतं.

“नऊ महिने,” ते म्हणाले.

“हो. नऊ.”

“मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं नव्हतं? शंभरदा सांगितलं.”

“चारदा. आणि चारही वेळा तू ‘जरा’ म्हणालीस. जरा गप्प बसा, जरा बाहेर बसा. जरा म्हणजे किती, ते कधी सांगितलं नाहीस.”

तिला हसावं की त्यांच्या डोक्यात पेटी घालावी, कळेना. “साडेनऊ ते साडेपाच,” ती म्हणाली. “सुट्टीचा दिवस सोडून रोज. चार वर्षं.”

“हां,” मापसाहेब म्हणाले. “आता माप कळलं.”

दुसऱ्या दिवसापासून ते निघाले. एकदा नोंद झाली म्हणजे ती खोटी पडू द्यायची नाही, एवढं त्यांना पुरेसं होतं. सव्वानऊला बूट, नऊ वीसला पेटी, साडेनऊला दार बाहेरून बंद. कुठे जाता म्हणून विचारायची गरजच नव्हती. या गावात दिवसभर बसू देणारं दुसरं दुकान होतं कुठे?

आठव्या दिवशी, ऐन कामाच्या वेळी, कॉफीवाल्याचा फोन आला. त्याचा आवाज पार उतरला होता. काटा बरोबर निघाला होता, त्याचं काही नव्हतं. पण दुधाच्या भांड्यावरची रेघ चुकीच्या जागी आहे म्हणे. मी गिऱ्हाइकाला पाच मिनिटं म्हणतो आणि हे कोपऱ्यातून घड्याळ दाखवतात. त्या धंदेवाल्या माणसाच्या फोनवरच्या थापांची बेरीज करून त्यालाच ऐकवली. तो येईनासा झालाय. ताई, तुम्ही होतात तेच बरं होतं हो. घेऊन जा त्यांना.

“विकलेला माल परत घेत नाहीत,” तिने सांगितलं, आणि दुसऱ्या लाइनवरचं गिऱ्हाईक घेतलं.

घर आता इतकं गप्प असायचं की लोक मध्येच विचारायचे, फोन कट झाला का? तिला वाटलं होतं, या शांततेत आपलं काम सोन्यासारखं होईल. झालंही. आठवड्यात कुणाचाही आवाज दोनदा वर गेला नाही. दुपारी डबा मात्र सवयीने ती भरायचीच, आणि मग तो चार पावलांवरच्या टेबलावर नेऊन एकटी खायची. मूर्खपणा नुसता.

त्या दिवशी साडेपाचला मापसाहेब आले. बूट काढले, हात धुतले, आणि तिने चहा पुढे ठेवला तशी कपाळाला आठी घालून तिच्याकडे बघत राहिले. आता काय चुकलं, असं तिच्या मनात आलंच.

“ते तुझं टेबल,” ते म्हणाले, “पुढचा डावा पाय अर्ध्या बोटाने आखूड आहे त्याचा. मी मोजला. सारखं डगमगतं. नऊ महिने तशा टेबलावर काम केलंस?”

त्या टेबलाला मुळात पायच नसते तरी चाललं असतं, हे तिच्या जिभेवर आलं होतं. पण दिवसभर लोकांशी गोड बोलून जीभ थकली होती.

“केलं,” ती म्हणाली. “चहा घ्या, निवतोय.”