ओंडका कुणी काढला

"तू पाण्यात उतरलाच नव्हतास."

"ताई, गळ्यापर्यंत उतरलो होतो. आता काय, बुडून दाखवू?"

"पाण्यात घालायचा सूट कोरडा होता तुझा. मी हात लावून पाहिला."

"वाऱ्यावर वाळला."

"कुठल्या वाऱ्यावर? दिवसभर झाडाचं पान हललं नाही."

"बरं बाई! मी खोटा, वारा खोटा, ओढा खोटा. तू तेवढी राजा हरिश्चंद्र."

धाकट्या भावानं हातातला पाना बाकावर आपटला. ताईनं मान वर केली नाही. मांडीवर उताणी घेतलेल्या नावेची चीर ती गरम हवेच्या पिस्तुलानं वितळवून बुजवत होती. भांडण कितीही पेटलं तरी तिचा हात हलत नसे. शेडमध्ये जळक्या प्लास्टिकचा वास भरला होता. भिंतीला टांगलेल्या नावा, दोऱ्या आणि हेल्मेटं गुमान ऐकत असल्यासारखी लटकत होती.

"अडकलेलं झाड निघालंय ना? निघालंय. वाट मोकळी आहे ना? आहे. मग माझा सूट ओला का कोरडा, याची चौकशी कशाला?" धाकटा म्हणाला.

"कारण पहिली नाव तू नेत नाहीयेस."

यावर धाकट्यानं खांदा चोळला. "दुखतोय म्हणून सांगितलं ना. पोरगी नेईल."

भांडणाची मेख नेमकी इथं होती, कारण पोरगी म्हणजे ताईची लेक.

गेल्या महिन्यात ओढ्याला पूर आला होता. ज्यांना नावेत बसून असल्या खळाळत्या पाण्यातून उतरायचा नाद असतो, त्यांना आपला ओढा अंधारातल्या घरच्या जिन्यासारखा पाठ असतो. कुठं पाय टाकायचा, कुठं वळायचं, कुठं दम खायचा, सगळं. आणि पूर येऊन गेला की घर तेच राहतं, पण रातोरात कुणी जिना उचलून दुसऱ्या भिंतीला लावलेला असतो. या वेळी तर पुरानं कमालच केली होती. 'म्हातारा' नावाचा मधला खडक, जो कित्येक वर्षं तसूभर हलला नव्हता, तो कूस बदलून झोपला होता. त्याच्या डावीकडची नेहमीची वाट गोट्यांनी बुजली. सगळं पाणी उजवीकडे, काठाला घासून जायला लागलं. आणि त्याच नव्या वाटेत एक अख्खं वाळुंजाचं झाड आडवं येऊन बसलं होतं. मुळं काठावर रुतलेली, शेंडा म्हाताऱ्याखाली घुसलेला.

असं झाड म्हणजे नाववाल्यांच्या भाषेत चाळण. चाळणीतून पाणी आरपार जातं. माणूस वर राहतो, चहाच्या चोथ्यासारखा.

म्हणून पुरानंतर आधी ओढा साफ करायचा आणि मगच नावा काढायच्या. त्यात या मंडळींचा एक जुना दंडक होता: काढील तो आधी जाईल. ज्यानं अडथळा काढला, त्यानंच त्या जागेवरून पहिली नाव न्यायची, बाकीच्यांनी त्याच्यामागून. दंडक कुणी घातला ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण घालणारा माणूस चांगलाच पोळलेला असणार. आपली मान ज्या कामावर टांगलेली आहे, ते काम कुणी उरकून टाकत नाही.

आणि आता काढणारा म्हणत होता, मी नाही, भाची जाईल.

ताईला सगळे पाठीमागे शंकाताई म्हणत. तोंडावरही म्हणत, पण त्यासाठी हातभर अंतर ठेवावं लागे. अंडी घेताना ती एकेक उजेडात धरून बघे. नव्या दोरीवर स्वतः लोंबकळल्याशिवाय ती दोरी कुणाला देत नसे. तिचा नवरा बस चालवायचा. तो म्हणायचा, "लग्नाला होकार देताना हिनं माझे दात मोजले असते, पण तेवढ्यात फोटोवाला आला." लोक हसत. ताईही हसे. पण हसताना सांगणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत राही, की बाबा, हा असं का म्हणाला?

ती अशी जन्मली नव्हती. ऐन विशीत ती या ओढ्यावरची सगळ्यात बेधडक बाई होती. एकदा पुरानंतर एका मित्रानं वरच्या वळणावरून हात हलवून सांगितलं, "साफ आहे, ये!" ती गेली. फांदीनं तिला नावेसकट दाबून धरलं. बाहेर ओढून काढली तेव्हा मनगट दोन ठिकाणी मोडलेलं होतं. मित्र वाईट नव्हता. त्यानं वरून पाहिलं होतं आणि वरून खरंच साफ होतं. मनगट जुळलं, पण जोर लावून वल्हं मारण्याजोगं काही ते परत झालं नाही. त्यानंतर ती नावा चालवायची थांबली आणि नावा बऱ्या करायला लागली. 'साफ आहे' हे दोन शब्द मात्र तिच्या कानात शिरेनात. घरात कुणी म्हटलं, ओटा साफ आहे, तरी ती बोट फिरवून बघायची.

सकाळी उजाडल्याबरोबर ती निघाली. दुपारी सगळी टोळी वरच्या पुलापाशी जमणार होती आणि लेक पहिली उतरणार होती. म्हणजे हातात होती ती सकाळ. खांद्यावर तिनं लाल नाव घेतली. ठिगळांवर ठिगळं बसून ती नाव इतकी म्हातारी झाली होती, की तिच्यात आता कुणी बसत नसे. शेडमध्ये तिला 'बळीचा बकरा' म्हणत. शंकेच्या जागेवरून आधी हिला रिकामी सोडायची, शेपटाला लांब दोरी बांधून.

म्हाताऱ्यापाशी पोचून तिनं बकरा पाण्यात ढकलला. धारेनं त्याला उचललं, उजवीकडे खेचलं, काठाला एकदा घासलं, आणि खालच्या डोहात नेऊन अलगद सोडलं. ताईनं दोरी ओढून नाव परत आणली. पुन्हा सोडली. या वेळी जरा खडकाच्या बाजूला. पुन्हा सुखरूप. तिसऱ्यांदा तर मुद्दाम वाकडी सोडली. बकरा गिरकी घेत, नाक वर करून, लग्नाच्या वरातीत नाचावा तसा पार झाला.

ताईला बरं वाटायला हवं होतं. पण तिला चुकल्याचुकल्यासारखं झालं. झाड खरंच निघालं होतं. धाकटा खोटं बोलत होता हे तर तिच्या हाडांना माहीत होतं. मग खोटं कुठं होतं?

ओढून काढलेला ओंडका काठावर पडला होता. ती त्याच्याजवळ उकिडवी बसली. मुळांकडचं टोक बघताक्षणी ओळखलं. धाकट्याची करवत. तो अर्ध्यावर दम खातो आणि पुन्हा सुरू करताना पाती हटकून सरकते, म्हणून कापाच्या मधोमध एक पायरी उमटते. लहानपणापासून त्याचं सगळं काम असंच, अर्ध्यावर पायरी.

मग ती दुसऱ्या टोकाकडे गेली. हे टोक शेंड्याकडचं. झाड ओढ्यात असताना खडकाला टेकलेलं, पाण्यात छातीभर उभं राहिल्याशिवाय हात न पोचणारं. तिथला काप एकसंध होता. पायरी नाही, दम नाही. आणि तिरका. उलट्या बाजूला तिरका.

ताईनं त्याच्यावरून तळवा फिरवला. असा उतार तिच्या घरात रोज सकाळी बशीत पडलेला असायचा. डावखुरी लेक पाव कापायची तेव्हा प्रत्येक तुकडा असाच, एका कडेला जाड, एका कडेला पातळ, सगळ्या जगाच्या उलट.

"अस्सं," ताई ओंडक्याला म्हणाली.

घरातला एकच नियम ताईनं कधी वाकू दिला नव्हता. नाव चालव, हवी तेवढी चालव, मी बरी करून देईन. पण करवत घेऊन लाकूड काढायला पाण्यात उतरायचं नाही. नावेत बसलेल्याला निदान निसटायला जागा असते. चाळणीपाशी उभं राहिलेल्याला पाणी एकाच दिशेला ढकलत असतं.

ती परतली तेव्हा शेडमध्ये लेक आपल्या नावेच्या पाठटेकूचे पट्टे आवळत होती आणि धाकटा चहा गाळत होता. दोघं काहीतरी हसत होती. ती आत आल्यावर हसणं बंद झालं.

"कुठं गेली होतीस गं?" लेकीनं विचारलं.

"फिरायला."

"लाल नाव घेऊन?"

"तिलाही हवापालट नको का?"

धाकटा हसायला गेला आणि बहिणीचा चेहरा बघून हसू गिळून बसला. ताईनं कपाटातून पाव काढला, सुरी काढली, दोन्ही लेकीसमोर ठेवली.

"जरा काप गं. भूक लागली."

लेकीनं एक तुकडा कापला. दुसरा कापताना तिचं लक्ष आईच्या नजरेकडे गेलं. नजर पावावर नव्हती, तिच्या हातावर होती. सुरी थांबली.

"खडकाकडचा कापही असाच आहे," ताई म्हणाली. "सुंदर आहे हो. एका दमात कापलायस."

मग धाकट्यानं चहाची गाळणी खाली ठेवली. "ताई, माझं ऐक. खांदा खरंच दुखतोय. करवत डोक्यावर जात नाही माझ्या. मी काठावर होतो, दोरी माझ्याच हातात होती. एक क्षण सोडली नाही."

"तुला मी विचारलं?"

"नाही, पण—"

"मामाला बोलू नकोस. मीच त्याला शपथ घातली होती," लेक म्हणाली.

"शपथा! आणि तो चाळीशीचा घोडा भाचीच्या शपथेला बांधला गेला. काल माझ्यासमोर वारा सुटल्याचं नाटक किती छान केलंस रे!"

"नाटक कुठलं? पहिल्याच वाक्याला पकडलंस तू," धाकटा पुटपुटला.

"तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?" लेकीचा आवाज चढला. "नसतीस म्हणाली. तू मग दुसरा माणूस शोधला असतास, त्याच्यावर शंका घेतली असतीस, तिसरा शोधला असतास. तोवर पाणी उतरलं असतं आणि सगळा हंगाम गेला असता. ते झाड काढायला हलका माणूस हवा होता, म्हाताऱ्यामागच्या आडोशात उभा राहील असा. मामा तिथं मावत नाही."

"हे मात्र खरं आहे," धाकटा पोटावर हात ठेवून म्हणाला.

"तू गप्प बस." हे दोघी एकदमच म्हणाल्या.

लेक पुढे झाली. "आणि काढील तो आधी जाईल. मी काढलं, मी जाणार. यात खोटं काय आहे? तूच शिकवलंयस."

दंडक जसाच्या तसा पाळला गेला होता. ताईला कळेना, राग कशाचा धरावा. पोरीनं जीव धोक्यात घातला याचा, की तिनं काम इतकं नीट केलं याचा.

"मी बकरा सोडून पाहिला," ती अखेर म्हणाली. "तीनदा. निघाला सुखरूप."

"म्हणजे माझ्या मागून जाऊन माझं काम तपासलंस."

"तेव्हा ते मामाचं काम होतं."

"आणि आता माझं आहे हे कळल्यावर? आता पटलं?"

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी शिट्टी घातली. टोळी पुलाकडे निघाली होती. लेकीनं हेल्मेट उचललं.

"एकच विचारते," ताई म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता, आणि म्हणूनच धाकटा घाबरला. मोठ्यानं बोलणारी बहीण त्याला चालायची. "रिकामी नाव वरून तरंगत जाते. तिला खालचं काय कळणार? माणूस उलटला की डोकं खाली असतं. त्या झाडाचा शेंडा म्हाताऱ्याच्या पोटाखाली गेला होता. ओंडका मी बघितला. शेंड्याच्या फांद्या मला काठावर कुठं दिसल्या नाहीत."

"वाहून गेल्या असतील," धाकटा म्हणाला.

"तुला नाही विचारलं. तिला विचारते. कापून झाल्यावर तू खडकाखाली हात घालून चाचपलंस? स्वतःच्या हातानं, खांद्यापर्यंत? की वरून बघितलंस आणि म्हणालीस, साफ आहे?"

लेक आईकडे बघत राहिली. ताईनं तो चेहरा लहानपणापासून वाचला होता. खोटं बोलताना तो कसा होतो आणि दुखावल्यावर कसा होतो, दोन्ही तिला ठाऊक होतं. आणि ती दोन तोंडं एकमेकांसारखीच दिसत, हेही ठाऊक होतं.

"अगं, सांग ना तिला," धाकटा कळवळून म्हणाला. "हो तर हो, नाही तर नाही. सांगून टाक."

लेकीनं हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला. वाकून नाव खांद्यावर घेतली, भिंतीचं वल्हं काढलं. दारात नावेचं शेपूट चौकटीला अडकलं. एक पाऊल मागे घेऊन तिनं ते सोडवलं, आणि मागे वळून न बघता ओढ्याच्या वाटेला लागली.