गोचिडीला भिणारे डॉक्टर

जंगलातून परतलं, की आमचे डॉक्टर तंबूच्या दारातच सदरा काढून माझ्याकडे पाठ करीत. "पाह्य बरं, भाऊ. कानामागं पाह्य, काखेत पाह्य. मले लय भेव वाटते."

भीती लपवणारे साहेब तुम्हीही पाहिले असतील. इतका उघड भिणारा मी दुसरा पाहिला नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चांदा जिल्ह्यात, पोंभुर्ण्याच्या जंगलात आमचं पथक रानउंदीर पकडत असे. उंदरांच्या अंगावरच्या गोचिडी माणसाला चावल्या की एक वाईट ताप येई. त्याचे जंतू कुठवर पसरलेत, ते शोधायचं होतं. मी पिंजऱ्यात सुकी मासळी लावी, सापडलेल्या उंदराला औषधानं झोपवी, मग डॉक्टर गोचिडी काढायला त्याच्या अंगावरून कंगवा फिरवीत. उंदराची मिशी जरी हलली, तरी ते मागे सरत.

"अस्वल परवडलं, भाऊ. ते दिसते तरी."

आम्ही हसायचो. तेही हसायचे.

मग एका गावात बांबू तोडून आलेली एक बाई तापानं पडली. तळहातांवर लाल पुरळ. तिच्या शेजारचा म्हातारा अशाच तापानं नुकताच गेला होता. डॉक्टर औषध घेऊन तिच्या घरी निघाले, तर माणसांनी वाट अडवली. काहींच्या हातात कुऱ्हाडी होत्या.

"तुमीच उंदरातून बिमारी काढून राह्यले," बाईचा नवरा ओरडला. "आता हे काऊन देता? तिले बी मारता काय?"

डॉक्टरांचा सदरा घामानं भिजला होता. वाटलं, आता हे पळतील. त्यांनी बाही वर सारली. कोपराच्या आतल्या बाजूला काळी खपली होती. गेले काही दिवस ते मला पाठ दाखवत नव्हते, हे तेव्हा ध्यानात आलं.

"मले बी गोचीड चावली. मले बी तोच ताप हाये. हे पाहा, मी खातो." सगळ्यांसमोर त्यांनी एक गोळी गिळली. दुसरी नवऱ्याच्या हातावर ठेवली. त्यानं आम्हाला घरात नेलं, बाईनं ती घेतली.

त्या गोळ्या तेव्हा नवीन होत्या. डबीत जेमतेम एका माणसापुरत्या उरल्या होत्या.

"अर्ध्या तुम्ही ठेवा, साहेब," मी म्हणालो.

"अर्ध्यानं दोघंबी मरू. तिची लेकरं लहान हायेत." डबी त्यांनी नवऱ्याच्या हाती दिली.

ताप वाढला, तेव्हा दवाखान्यात जायला बैलबंडीत चढताना त्यांनी माझा हात असा धरला की नखं रुतली. "मले एकटं सोडू नोको."

मी सोडलं नाही. पण नागपूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा ते मला ओळखत नव्हते. तिथं गोळ्या होत्या. त्यांचा उपयोग झाला नाही.

पुढल्या हंगामात आम्ही त्या गावी परत गेलो. ती बाई धान कापत होती. आम्हाला पाहून विळा खाली ठेवून बांधावर आली, आणि आमच्यामागे बंडीत आणखी कोण बसलंय, ते वाकून पाहू लागली.