माणसाची आणेवारी

जूनचा दुसरा शनिवार, सकाळचे अकरा. रक्कम चार आणे. हजर असलेले पाच: हेडमास्तर, शाळेच्या कमिटीवरचे देशमुख, दारातला चपराशी, माझी माय आणि मी. खोलीत खुर्च्या चार. बसलेले दोघे.

मी मॅट्रिक पास झालो होतो. नागपूरला जाऊन शेतकीचं शिक्षण घ्यायचं होतं. तिथं जागा थोड्या, अर्ज फार. म्हणून अर्जावर हेडमास्तरांचा शेरा लागायचा. या मुलाला जागा मिळण्याची, आणि मिळाली तर टिकण्याची, शक्यता किती. तो शेरा नसेल तर अर्ज जातच नसे.

हेडमास्तरांनी माझा कागद पुरता उलगडलाही नाही. म्हणाले, “याचे चार आणे धरा.”

मायनं पदराची गाठ सोडली. एक पावली काढली, टेबलावर ठेवली.

“घ्या जी साहेब. पोराचं काम करून द्या.”

मग देशमुख हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

“अवं बाई, मास्तर पैसे नाही मांगून राह्यले. तुह्या पोराची आणेवारी सांगून राह्यले. सोळा आण्यांतून चार आणे पीक आहे म्हणते त्याचं!”

चपराशीही हसला. तो आमच्याच आळीतला होता.

आमच्याकडे दर हंगामात पटवारी पिकाची आणेवारी लावतो. भरलेलं पीक सोळा आणे, निम्मं पीक आठ आणे. मायला ती पटवाऱ्यापेक्षा चांगली समजे. बांधावरून नुसती नजर टाकून ती सांगे, औंदा तूर दहा आणे. पण माणसाचीही आणेवारी लावतात, हे तिच्या कानावर कधी आलं नव्हतं. कचेरीत साहेबाच्या तोंडून चार आणे निघाले की गाठ सोडायची, एवढंच तिला ठाऊक.

हेडमास्तरांनी पावलीला हात लावला नाही. पट्टीच्या टोकानं ती ढकलली. पावली टेबलावरून खाली पडली आणि घरंगळत कपाटाखाली गेली. माझी माय गुडघ्यावर बसून ती काढत होती, तोवर ते माझ्याशी बोलले.

मी विचारलं, “सर, मले चार आणे कसे?”

“‘मले’ नाही. ‘मला’. नागपूरला ‘मले’ म्हणालास की तिथंच तीन आणे गेले. तुमची जमीन किती?”

“तीन एकर. भाजीपाल्याचा मळा आहे.”

“आणखी चार गेले. घरात शिकलेलं कोण?”

“कोणी नाही.”

“पाच. झाले बारा. राहिले किती?”

हिशेब बरोबर होता. हिशेबात मी कधी चुकत नसे. गणितात शंभरपैकी त्र्याण्णव होते मला. एकूण सातशेपैकी चारशे अडुसष्ट. देशमुखांच्या पुतण्याचे तीनशे एक. दोघांचेही गुण शाळेच्या फळ्यावर लागले होते. पुतण्याचा अर्ज तिथंच टेबलावर होता, शेऱ्यासकट. त्याला चौदा आणे.

“अन् गुणांचे?” मी म्हणालो.

“तेच तर चार.”

देशमुख पान चघळत म्हणाले, “भाजीवाल्याच्या पोराले शेतकी कायले शिका लागते बे? तुमी त पोटातूनच वांगे लावत येता.”

पुन्हा हसणं. मी म्हणालो, “पटवारी निदान बांधापर्यंत तरी येते जी. तुमी माहा कागदही नाही पाह्यला.”

हसणं थांबलं. हेडमास्तरांनी टाक उचलला, अर्जावर इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, शाईची गादी मायपुढे सरकवली.

“पालकाचा अंगठा. इथं.”

माय नुकतीच उठली होती. पावली एका मुठीत. दुसऱ्या हाताचा अंगठा तिनं गादीवर दाबला. मी टेबलाच्या अलीकडून तो शेरा उलटा वाचला. ‘उच्च शिक्षणास योग्य वाटत नाही. पालकास हे मान्य आहे.’

मी तिचं मनगट धरलं.

“काऊन बे?” देशमुख.

“हा अंगठा लागनार नाही.”

“मग अर्ज जाणार नाही,” हेडमास्तर म्हणाले.

मला ते माहीत होतं. दुसरी वाट नव्हती. अंगठा लागला असता तर मी अयोग्य, आणि ते माझ्या मायलाच मान्य. नाही लागला तर मी अर्जच केला नाही. दोन्हीकडून दार बंद. मी म्हणालो, “नका पाठवू.”

सहा मैल चालत आलो. अर्ध्या वाटेपर्यंत माय माझ्या पुढे चालत राहिली. मग फुटली.

“अंगठ्यानं काय झिजलं असतं माहं? चार आणे त चार आणे! कागद त गेला असता!”

“चार आण्याच्या पिकाले कोणी कापाले तरी जाते का, माय?”

शाईचा अंगठा तिनं नदीवर वाळूनं घासला. नखाच्या कडेला शाई आठ दिवस राहिली.

पुढच्या वर्षी मी अर्ज थेट नागपूरला धाडला. शेरा नाही म्हणून परत आला. त्याच्या पुढच्या वर्षी वय उलटलं. मी जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलणारा कारकून झालो. बावीस वर्षं झाली. बरं झालं, असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. मला शिकायचं होतं. शिकू दिलं नाही.

यंदा माझी मुलगी मॅट्रिक झाली. अमरावतीला कॉलेजात जायचं म्हणते. तिथंही जागा मोजक्याच. परवा शेजाऱ्यानं ओट्यावर विचारलं, “पोरीचं जमते काय?” माझ्या तोंडून निघून गेलं, “बारा आणे.”

ती आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

मी तिथंच बसून राहिलो. ज्या मापानं मला मोजलं, ते माप मीच घरात आणलं होतं. वर चार आणे तिचेही कापले होते. कशाबद्दल, ते मला नीट ठाऊक होतं. मुलगी आहे म्हणून. आत जाऊन म्हणालो, “चुकलो.” ती म्हणाली, “बाबा, तुम्ही माह्ये गुण तरी पाह्यले का?”

पाहिले नव्हते. बेरीज पाहिली होती. त्या दिवशी विषयवार पाहिले, एकेक.

हल्लीचे हेडमास्तर सभ्य आहेत. बसा म्हणाले. चहा सांगितला. आणि लिहिलं, ‘घरची परिस्थिती पाहता शक्यता बेताची.’

मी म्हणालो, “परिस्थिती खोडा. गुण लिहा.”

“तशी पद्धत नाही.”

“मग ही पद्धत माझ्या मुलीवर चालणार नाही.”

त्यांनी खोडलं नाही. मी कोरा अर्ज मागून घेतला आणि तिला घेऊन अमरावतीला गेलो. कॉलेजचा कारकून म्हणाला, शेरा नाही, हा परत येईल. मी म्हणालो, येऊ द्या, आम्हीही परत येऊ. या वर्षी, पुढच्या वर्षी, तिचं वय उलटेपर्यंत. उलटलं तर तो नियम कोणी केला ते विचारायला येऊ. माझ्या मुलीला कोणी आण्यांत मोजणार नाही. मीही नाही.

अर्जाची फी दोन रुपये. मुलीनं स्वतःच्या हातानं कारकुनाला दिली. पावती तिच्या नावाची. सहीही तिचीच.