शेवंताच्या डोक्यातली नळी

साताऱ्याच्या डॉक्टरांनी डोक्याच्या सीटीचा फोटो उजेडाच्या पेटीवर लावला आणि बोट ठेवून म्हणाले, "बाबा, आजींच्या मेंदूत रक्त झिरपलंय." शेवंता माझी बायको. आम्ही साताऱ्याला लेकीकडं, मंगलकडं, चार दिवस राहायला आलो होतो.

दोन दिवसांपूर्वी भाकरी थापताना तिचं डोकं एकदम ठणकलं होतं, आणि उलटी झाली. मंगल दवाखान्यात चला म्हणाली. मी म्हणालो, पित्त हाय. सुंठेचा लेप लावला, कपाळाला फडकं करकचून बांधलं. दोन दिवस असेच घालवले. ही चूक माझी. डोकं असं अचानक, कधी दुखलं नव्हतं इतकं दुखलं तर लेप लावत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

तिथनं आम्हाला सांगलीला पाठवलं. आमचं गाव पलूसकडं, म्हणजे सांगली घरचीच. तिथं मांडीतनं नळी घालून, औषध सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढले. त्याला अँजिओग्राफी म्हणतात. मोठ्या डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. हृदयाकडनं जोरात येणारं रक्त बारीक बारीक नळ्यांतनं जातं, तिथं त्याचा जोर मोडतो, मग ते परत फिरतं. शेवंताच्या मेंदूत डाव्या बाजूला जन्मापासनं त्या बारीक नळ्याच नाहीत, नुसता गुंता आहे. त्याला एव्हीएम म्हणतात. जोर सोसून सोसून गुंत्यात शिरणाऱ्या नळीला फुगा आलाय, तो अ‍ॅन्युरिझम. त्यातनं रक्त झिरपलं.

मी चौथी शिकलेला. पण चाळीस वर्षं विहिरींवर मोटारी बसवल्या, पाइपलाइनी टाकल्या. फुगलेला पाइप म्हणजे काय हे मला दुसऱ्यानं सांगायला नको. आज ना उद्या तो फुटणार.

तरी ऑपरेशनचं नाव काढताच मी नाही म्हणालो. डोकं फोडू देणार न्हाई म्हणालो. डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, डोकं उघडायचंच नाही. मांडीतनंच केसासारखी बारीक नळी वर मेंदूपर्यंत न्यायची आणि फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरायची. ती तार म्हणजे कॉइल. मग गुंत्यात जमेल तेवढा एक प्रकारचा गोंद सोडायचा, त्याला एम्बोलायझेशन म्हणतात. "पण जवळच बोलण्याची जागा आहे," ते म्हणाले. "वाचा जाण्याचा धोका आहे. आणि काहीच केलं नाही तर पुन्हा रक्तस्राव होईल, तो जिवावर बेतू शकतो."

तरी मी अडून राहिलो. एक दिवस मी कुणाचं ऐकलं नाही. मंगल रडून दमली. शेवटी खाटेवरनं शेवंताच म्हणाली, "डोकं माझं हाय. तुमी का अडून बसलाय? करा म्हणावं त्यास्नी."

मी सही केली.

सकाळी आत नेलं. आम्ही बाकड्यावर बसलो. मंगलनं चहा आणला, तो तसाच गार झाला. चार तासांनी मोठे डॉक्टर बाहेर आले. फुगा पूर्ण भरला, गुंताही बराच बंद झाला म्हणाले. बोलण्याचं काय, म्हणून विचारलं, तर म्हणाले, शुद्धीवर येऊ द्या.

दुपारी मला एकट्याला आयसीयूत सोडलं. शेवंता डोळे उघडून पडली होती. एक तरुण डॉक्टरीण तपासत होती. हात उचला म्हटल्यावर तिनं उचलला, डावा पाय हलवला. नळी उजव्या मांडीतनं घातली होती, म्हणून तो पाय सहा तास सरळ ठेवायचा होता. मग डॉक्टरीण माझ्याकडं बोट करून म्हणाली, "आजी, यांचं नाव काय?"

शेवंता गप्प.

पुन्हा विचारलं. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं आणि उजवा हात डोक्यामागं नुसता चाचपडत राहिला. डॉक्टरीण नर्सला म्हणाली, सरांना बोलवा, सीटी करावा लागेल. मीच सही केली होती.

तो हात मी बघत राहिलो. आणि मग कळलं. अंगात दवाखान्याचा झगा, आणि ही पदर शोधतीय.

"मॅडम," मी म्हणालो, "ती माझं नाव घेत न्हाई. लगीन झाल्यापासनं एकदाबी घेतलं न्हाई. दुसरं काय तरी इचारा."

डॉक्टरीण थांबली. वाकून तिनं विचारलं, "बरं आजी, नाव नका घेऊ. माणूस म्हणून हे कसे आहेत ते सांगा."

शेवंतानं मान वळवली. मला खालपासनं वरपर्यंत बघितलं.

"हट्टी," म्हणाली. शब्द अगदी लख्ख.

डॉक्टरीण हसली. मी खिडकीकडं तोंड केलं.

ज्यांच्या घरी ही रीत आहे त्यांनी डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. आमचा जीव टांगणीला लागला, तसा तुमचा लागू नये. त्या डॉक्टर पोरीचे आणि मोठ्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

गुंता थोडा राहिलाय. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढायचेत, मग डॉक्टर ठरवतील. यावेळी मी आडवा येणार नाही.

पहिलं शेवंता बोलायला लागली की मी मोटार बघून येतो म्हणून उठायचो. आता बसतो. काल शेजारणीच्या सुनेचं सगळं पहिल्यापासनं सांगितलं, मी ऐकलं. मध्येच थांबून म्हणाली, "आवं, आज विहिरीकडं जायचं न्हाई व्हय?"

मी म्हणालो, "जाईन. तू बोल."