दोन महिने बिनघोर

गोरेगावहून सेनगावला जाणाऱ्या जीपा बऱ्याच होत्या, पण लोक भावसिंगच्या जीपची वाट बघत ताटकळत उभे राहायचे. तिचा टेप बिघडलेला होता, मागचा पत्रा खडखडायचा, आणि भावसिंग माणसं अशी कोंबायचा की उतरताना आपला पाय कोणता ते शोधावं लागे. तरी लोक थांबत, कारण त्या जीपमध्ये बहुतेक वेळा भीमराज असे. भीमराज असला म्हणजे टेपची गरज नसे.

भीमराजचं स्टँडसमोरच कृषी सेवा केंद्र होतं, शहाण्णव साली उघडलेलं. परभणीला जाऊन शेतकीचा पदवीधर झालेला हा गावातल्या बौद्ध वस्तीतला पहिला पोरगा. बाप भिवाजीनं जन्मभर दुसऱ्याच्या शेतात सालगडी म्हणून राबून काढलं होतं. आता तोच बाप रोज दिवस कलला की दुकानासमोर खुर्ची टाकून बसे, आणि ज्यांच्या बांधावर त्यानं भाकर खाल्ली ते बागाईतदार 'भीमराज, जरा सांग बरं' म्हणत आले की तंबाखू मळणं थांबवून ऐकत राही. मुलगा काय सांगतो ते त्याला सगळं कळत होतं असं नाही. पण कोण विचारतंय ते बराबर कळत होतं.

भीमराजला माल विकण्यापेक्षा सल्ला देण्याचाच नाद फार. औषध घ्यायला आलेल्या माणसाला "औषध काहून घेता? वाळकी फांदी छाटा, बस झालं," असं सांगून रिकाम्या हातानं परत पाठवी. बायको ज्योती कपाळावर हात मारून घेई. झाडांवर बोलायला लागला की त्याला जेवणाची शुद्ध राहत नसे. आणि दुकानात बोलून मन भरलं नाही तर उरलेलं तो जीपमध्ये बोले. पुढच्या सीटवर बसून, मान मागं वळवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात.

दोन हजार एक सालची दिवाळी नुकतीच झाली होती. जीप भरली होती. भीमराजच्या मागं अमृतराव बसले होते. नदीकाठची काळीभोर जमीन, तिच्यात मोसंबीची बाग, आणि अंगावर कायम कडक इस्त्रीचं धोतर. मोसंबीला बहार धरायचा तर आधी झाडाचं पाणी तोडावं लागतं. त्याला ताण देणं म्हणतात. झाड तहानतं, पानं पिवळी पडतात, थोडी गळतात, आणि मग पाणी सोडलं की अंगभर फूल घेऊन उठतं.

"भीमराज," अमृतरावांनी विचारलं, "औंदा पानी किती दिवस तोडू?"

"दोन महिने बिनघोर राहा," भीमराज म्हणाला. "बागेकडं बघू बी नका."

अमृतरावांची जमीन काळी आहे, ओल धरून ठेवणारी आहे, हे अमृतरावांना माहीत होतं आणि भीमराजलाही. जे दोघांनाही माहीत ते बोलून कोण दाखवतं? पण जीपमध्ये ते दोघेच नव्हते. मागच्या फळीवर एक पाय आत, एक बाहेर अशा अवस्थेत वैजनाथ लोंबकळत होता. हा मंजुळाबाईंचा पुतण्या. त्यांच्या माळावरच्या बागेचं सगळं तोच बघे. त्यानं ते ऐकलं, मनात पक्कं बसवलं, आणि घरी जाऊन सांगितलं की शेतकी शिकलेल्या माणसानं दोन महिने म्हटलंय.

मंजुळाबाईंची बाग मुरमाड माळावर. तिथं पाणी घातलं तर संध्याकाळपर्यंत कुठं जातं ते देवाला ठाऊक. असल्या जमिनीतल्या झाडाला महिनाभराचा ताण म्हणजे डोक्यावरून पाणी. नवऱ्यामागं ही झाडं त्या बाईनं जगवली होती. विहिरीला मोटार नव्हती तेव्हा डोक्यावर हंडे वाहून, एकेका आळ्यात रिकामे करून. मूलबाळ नव्हतं. कोणी विचारलं की लेकरं किती, तर माळाकडं बोट दाखवून म्हणे, "ते काय उभे हायेत."

पानगळ सुरू झाली तेव्हा वैजनाथ खूश झाला, कारण ताण बसल्याची खूण तीच. मंजुळाबाई मात्र रोज बागेत जाऊन उदास होऊन येई. "वैजनाथा, पानी सोड रे. मला झाडाचं तोंड चांगलं दिसून न्हाई राहिलं." वैजनाथ म्हणे, "काकी, तुमाला जास्त कळतं का भीमराजला?" यावर ती मोटारीकडं बघत घरी परते. दोन महिने भरले तोवर बाग खराट्यासारखी झाली होती. फांद्या हातात मोडत होत्या. पाणी सोडायला वैजनाथचा हात धजेना. तो नुसता बांधावर बसून राहिला.

मंजुळाबाई ज्या पदरानं डोळे पुसले तोच डोक्यावर घेऊन सेनगावला गेली, आणि तालुक्याच्या शेतकी हापिसात तक्रार देऊन आली. चारच दिवसांत भीमराजला नोटीस आली. आपण परवानाधारक विक्रेते आहात, चुकीच्या सल्ल्यानं बागेचं नुकसान झाल्याची तक्रार आहे, परवाना निलंबित का करू नये याचा खुलासा करावा. नोटीस वाचून भीमराजला आधी काही उमगेना. मंजुळाबाई तर आयुष्यात त्याच्या दुकानाची पायरी चढली नव्हती. जीपमधला प्रकार भावसिंगनं सांगितला तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं.

त्याचा चुलतभाऊ रत्नपाल हिंगोलीला वकिली करी. भीमराज त्याच्याकडं गेला. रत्नपालनं सगळं ऐकलं आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

"यात काही दम न्हाई. तू तिला सल्ला दिला न्हाई, तिच्याकडून काही घेतलं न्हाई. ग्राहक मंचात गेली तरी केस उभी राहनार न्हाई. एक ओळ लिहून दे, सदर बाईंना मी कोनताही सल्ला दिलेला न्हाई. खरंच हाय ना ते?"

"खरं हाय, दादा."

"बस मग. अन एक ध्यानात ठेव. त्या बागेत पाय टाकायचा न्हाई. गेलास, दोन शब्द बोललास, की झालं कबूल केल्यासारखं."

"झाडं वाचतील आता कुनी पानी नीट दिलं तर. महिनाभरानं गेलो तर काय उपेग?"

रत्नपालनं चष्मा काढला. "भीमराज, दुसऱ्या कुनाची चूक लोक दोन हंगामात विसरतेत. आपली विसरत न्हाईत. परवाना गेला तर पुन्ना काढता येईल. पन 'भिवाजीच्या पोराला काय कळतंय' हे एकदा गावाच्या तोंडात बसलं, तर मोठा काका उद्या त्या खुर्चीवर कोनत्या तोंडानं बसंल?"

हे बाकी भीमराजच्या काळजाला लागलं. परत येताना तो जीपमध्ये एक शब्द बोलला नाही. भावसिंगनं दोनदा विचारलं, "क्या हुआ भाऊ, तब्येत बरी हाय ना?" संध्याकाळी बाप खुर्चीवर बसलेला होता. भीमराजनं त्याच्याकडं बघायचं टाळलं आणि शटर लवकर ओढलं.

दोन दिवस त्यानं स्वतःला कसंबसं धरून ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढली आणि थेट माळावर गेला. माणूस हुशार होता, वकिलाचं म्हणणं त्याला समजलं होतं. पण वाळत चाललेलं झाड दोन कोसांवर आहे हे माहीत असून दुकानात बसणं त्याच्या अंगात नव्हतं. त्याला मी तरी शहाणपणा म्हणणार नाही, आणि वेडेपणा म्हणायला जीभ रेटत नाही.

मंजुळाबाई आळ्यातली वाळकी पानं वेचत होती. शेजारच्या शेतातले दोघं-तिघं बांधावर उभे होते. भीमराजला बघताच ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"या! काय राहिलं म्हनून आलास? सरन रचायला?"

"मावशी, मला झाडं बघू द्या."

"मी बघत होते की रे! रोज बघत होते. झाड रडून राहिलं ते माझ्या डोळ्याला दिसत होतं. अन तू शिकलेला, तुझा शब्द, म्हनून माझ्याच डोळ्यावर माझा भरवसा न्हाई राहिला." इथं तिचा आवाज फुटला. "त्याची तकलीफ हाय मला. झाडाइतकीच."

 भीमराज बांधावरच्या माणसांकडं वळून, जीपमध्ये बोलायचा त्याच आवाजात म्हणाला, "ऐका तुमी बी. वैजनाथाची चूक न्हाई. भरल्या जीपमधी मी दोन महिने म्हनलो, अन कोनत्या जमिनीला ते बोललो न्हाई. ते बोलायला पाहिजे होतं." रत्नपाल तिथं असता तर त्यानं डोकं आपटून घेतलं असतं.

मग त्यानं नखानं एकेका फांदीची साल खरवडायला सुरुवात केली. वरच्या फांद्या काटकुळ्या, तपकिरी. खोडाजवळ आला तेव्हा नखाखाली हिरवं दिसलं. दुसऱ्या झाडालाही दिसलं. काही झाडं मात्र मुळापर्यंत गेली होती, आणि ती गेली हे त्यानं तिला स्पष्ट सांगितलं. उरलेल्यांना एकदम पाटानं पाणी सोडलं तर उरलीसुरलीही मुळं कुजून मरतील, म्हणून त्यानं बादलीनं थोडं थोडं घातलं. वाळकं छाटलं, खोडांना चुना-मोरचुदाचा लेप दिला, आळ्यांत पाचट पसरलं. औंदा फूल आलं तर तोडून टाकायचं, असं बजावलं. त्यानंतर तो एकाआड एक दिवस माळावर येऊ लागला. मंजुळाबाई त्याच्याशी बोलत नसे. पण दुसऱ्या आठवड्यात त्यानं बादली उचलली तेव्हा शेजारी झाकून ठेवलेली भाकर-चटणी होती, आणि ती वैजनाथची नव्हती, कारण वैजनाथ त्या दिवशी कनेरगावला गेला होता.

सुनावणी मार्चात झाली. हापिसातले साहेब नवे होते, घाईत होते. त्यांनी भीमराजला विचारलं, "तुम्ही या बाईंना सल्ला दिला?"

भीमराजनं रत्नपालची ओळ आणलीच नव्हती. "दिला असंच धरा, साहेब. मी बोललो अन त्यांच्यापर्यंत गेलं."

"खोटं बोलून राहिला!" मंजुळाबाई मागून ओरडली. "मला कवा सांगितलं ह्यानं? ह्यानं अमृतरावाला सांगितलं. आमच्या वैजनाथाला कान हायेत म्हनून त्यानं ऐकलं."

"बाई, तक्रार तुमचीच आहे ना?"

"माझीच हाय. पन ह्यानं सांगितलं न्हाई."

"साहेब, जमीन कोनती ते मी सांगायला पाहिजे होतं," भीमराज म्हणाला.

"तू गप रे! मी बोलून राहिले ना साहेबाशी?"

साहेबांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. तक्रारदार आरोपीची बाजू घेतो आणि आरोपी तक्रारदाराची, असं प्रकरण त्यांच्या नोकरीत आलं नसावं. त्यांनी परवाना कायम ठेवला, विक्रेत्यानं जमिनीची खात्री केल्याशिवाय सल्ला देऊ नये अशी तोंडी समज दिली, आणि दोघांना बाहेर घालवलं. बाहेर आल्यावर भीमराज काही बोलणार तोच मंजुळाबाई म्हणाली, "पालवी फुटली हाय बरं का, कोपऱ्यातल्या झाडाला," आणि वळून चालू लागली.

परवाना राहिला, पण भीमराजची जीभ गेली. साहेबांची समज त्यानं मनाला फारच लावून घेतली. दुकानात कोणी झाडाचं विचारलं तर "शेतावर येऊन बघतो" एवढंच म्हणे. जीपमध्ये तर मागच्या सीटवर कोपऱ्यात बसे आणि बाहेर बघत राही. भावसिंगनं हौसेनं टेप दुरुस्त करून घेतला, पण लोकांना त्यात रस नव्हता. दुकानासमोरच्या खुर्चीवर म्हातारा तंबाखू मळत बसे. ऐकायला काही नसल्यानं मळणं मध्ये थांबत नसे. मला विचाराल तर त्या वर्षात गोरेगावचं सगळ्यात मोठं नुकसान हेच झालं.

पुन्हा दिवाळी झाली. थंडी पडली. भावसिंगची जीप भरून निघणार, तोच मंजुळाबाई तुरुतुरु येऊन पुढच्या सीटवर चढली. मागं वळून तिनं भीमराजला कोपऱ्यात बसलेलं बघितलं.

"तिकडं काहून बसलास? इकडं ये पुढं."

"राहू द्या मावशी, बरा हाय इथंच."

"ये म्हनते ना!"

माणसं सरकली, पाय सापडले, भीमराज पुढं आला. तिनं पदराची गाठ सोडली. आत मुरमाचं एक लालसर ढेकूळ होतं. तिनं ते भरल्या जीपसमोर त्याच्या तळहातावर ठेवलं.

"ही माझ्या माळाची माती. बघितलीस? आता सांग, पानी किती दिवस तोडू?"

ढेकूळ बोटांत चुरत भीमराज तिच्याकडं बघत राहिला. ती माती त्याला पाठ होती. "मावशी, इथं नको. सगळे ऐकून राहिले."

"ऐकू दे की! सगळ्यायनं ऐकावं म्हनूनच इथं आले." मग मागं वळून ती फळीवरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माती माझी हाय, बरं का! ज्याला आपल्या झाडाचं विचारायचं त्यानं आपापली आना. अन झाड रडून राहिलं की ह्याच्या शब्दासाठी थांबू नका, पानी सोडा."

 भावसिंगनं हात लांब करून टेप बंद केला. भीमराजनं एकदा घसा खाकरला, मान मागं वळवली आणि म्हणाला, "मुरमाड जमीन, माळ, उतार. अशा जमिनीला..." आणि मग सेनगाव येईपर्यंत तो थांबला नाही.