तळ्याकाठचं गाजर गवत

माझं लग्न झालं त्या वर्षी शिरूर कासारच्या माळावर पाऊस फिरकलाच नाही. नवरा ऊसतोडीला माजलगावकडं गेला. घरी मी, सासरे आणि एक म्हैस. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे.

कडबा संपत आला तेव्हा आटलेल्या तळ्याकाठी गाजर गवत माजलं होतं. कमरेएवढं, वर बारीक पांढरी फुलं. दुसरं काहीच हिरवं नव्हतं, म्हणून ते बघून आधी मला बरंच वाटलं. मग ध्यानात आलं, त्यात एकही शेळी शिरत नव्हती.

मामा ते हातानं उपटून आणायचे आणि कडब्यात मिसळायचे.

"मामा, जनावर तोंड लावत न्हाई, तर कायतरी कारण असंल."

"मग उपाशी मारू का तिला?"

भुकेनं म्हैस खायला लागली. दूध आम्ही गावच्या सोसायटीत घालायचो. एका सकाळी तिथल्या माणसानं आमचं दूध बोटावर घेऊन चाखलं आणि थुंकला. "कडू हाय. सगळ्यांचं नासंल." भरलेली कासंडी त्यानं परत केली. घरी त्याचा चहा केला, तर तोही तोंडात धरवेना.

मामांनी म्हशीला गवत देणं थांबवलं. पण आता त्यांचा त्या गवतावर राग होता. ते उपटत राहिले, वाळवून जाळत राहिले. हात खाजायचे, तर म्हणायचे, ऊन हाय. मग पापण्या सुजून डोळे मिटले. मानेची कातडी काळी, जाड पडली. रात्री छातीत शीळ वाजायची.

बीडच्या डॉक्टरांनी हात बघताच विचारलं, "गाजर गवत उपटलं का?" मग म्हणाले, "आता वाऱ्यावर आलेला कणही सोसायचा नाही. लांब राहा."

"लांब म्हंजी कुठं?" मामांनी विचारलं.

डॉक्टर गोळ्या लिहीत राहिले.

नवरा परत आला तेव्हा बापाचं तोंड बघून उंबऱ्यातच थांबला. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, सोसायटी आमचं दूध घेऊ लागली. गवत मात्र तळं सोडून बांधावर, बांधावरून गल्लीत आलं. मामा बाहेर पडेनासे झाले. खिडकीला गोणपाट लावून आत बसायचे. असेच त्यांनी बरेच दिवस काढले.

एकदा मी पाणी घेऊन आले तर अंधारातून म्हणाले, "फुललं का गं?"

गल्ली पांढरी झाली होती.

"फुललं, मामा."

"दार लाव," ते म्हणाले.